चार स्कॅन, एक गावठाण: चिकटवहीतलं जोडपान एका चित्रात आणताना

चिकटवही दिसायला साधीच आहे. काळा पुठ्ठा, आत जाड ड्रॉइंग कागदाची पानं, कडेला दोन भोकं आणि त्यांतून ओवलेली नाडी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चारेक मिनिटं कमी असताना लातूर-किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या महिन्यांत औसा तालुक्यातल्या एका घरात ही वही भरत गेली. बहुतेक पानांवर वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत. मधल्या जोडपानावर मात्र कात्रणांसोबत आलेख कागदाचे दोन ताव चिकटवून त्यांवर जुन्या गावठाणाचा नकाशा पेनाने काढलेला आहे. वेस, पार, मारुती, आड, गढीची भिंत आणि एकेका माळवदावर (मातीच्या सपाट छताच्या घरावर) घरधन्याचं आडनाव. गाव पुढे नव्या जागी वसलं. त्यामुळे कोणाचं घर कोणाला लागून होतं, हे कळण्याचं साधन म्हणजे जाणत्यांची आठवण आणि हे जोडपान.

काम दोन भागांचं होतं. एक म्हणजे, जोडपान जसं आहे तसं एका फाईलमध्ये आणायचं, इतकं स्वच्छ की आडनावं वाचता यावीत. दुसरं, ३० सप्टेंबरला समाजमंदिरात लावायला त्याचा ६ × ४ फुटांचा फ्लेक्स करायचा. अडचण अशी की नकाशातल्या दोन गल्ल्या मधल्या घडीतून आरपार जातात. जुळणी चुकली तर गल्ली वाकते आणि घर दुसऱ्याच ओळीत जाऊन बसतं.

पहिल्यांदा जे बिघडलं

पहिले स्कॅन तालुक्याच्या झेरॉक्स दुकानातल्या मल्टिफंक्शन मशीनवर झाले. वही उघडी पालथी घातली, झाकण हाताने दाबलं, चार तुकडे केले आणि एका पीडीएफमध्ये मिळाले. त्यातलं काहीच वापरता आलं नाही. कारणं सांगायला हवीत, कारण बहुतेक चिकटवह्यांचं काम इथेच फसतं.

घडीजवळची दोन-अडीच सेंटिमीटरची पट्टी धूसर आणि काळवंडलेली आली. अशा मशीनमध्ये बहुधा सीआयएस जातीचा सेन्सर असतो. तो काचेला टेकलेलं तेवढं टिपतो. कागद दोन-तीन मिलिमीटर वर उचलला की अक्षर फुगतं. चिकटवहीचं पान कधीच सपाट नसतं: कात्रणावर कात्रण, खाली वाळलेल्या खळीचे गुठळे, कडेला शिवणीचा फुगवटा. सीसीडी सेन्सरचा स्कॅनर हा उंचसखलपणा बराच सांभाळून घेतो. तो जाडजूड असतो, जागा खातो, पण या कामाला तोच लागतो.

दुसरा घोळ रंगाचा. मशीन ‘ऑटो’वर होतं. वरच्या तुकड्यात वर्तमानपत्राचा मोठा काळा फोटो होता, तेव्हा मशीनने उजेड वाढवला. खालच्या तुकड्यात कोरा कागद जास्त, तिथे उजेड उतरवला. त्याच कागदाचा तोच कोरा कोपरा एका तुकड्यात फिकट बदामी आणि दुसऱ्यात चक्क राखी. नंतर रंग जुळवत बसता येतं, पण ऑटोने एकदा गाळलेल्या छटा परत येत नाहीत. तिसरी गोष्ट, पीडीएफ करताना मशीनने चित्र इतकं आवळलं की आडनावांच्या वेलांट्या तुटल्या.

यावर संगणकात दुरुस्ती करण्याच्या फंदात पडू नये. चारही तुकडे पुन्हा स्कॅन करणं कमी वेळाचं आहे.

मापं आधी, स्कॅन नंतर

नाडी सोडली की पानं सुटी होतात. शिवलेली किंवा पिना मारलेली वही असती तर ती उसवायची की नाही हा प्रश्न होता. इथे नाडीने तो सोडवला. सुटं पान २८ सेंटिमीटर रुंद आणि ३६ उंच. त्यातली अडीच सेंटिमीटरची पट्टी भोकांच्या बाजूला, म्हणजे दिसणारं पान साडेपंचवीस आणि जोडपान ५१ सेंटिमीटर रुंद.

ए-फोर स्कॅनरची काच साधारण २१.६ × २९.७ सेंटिमीटर असते. पान उभं ठेवलं तर रुंदीला दोन आणि उंचीला दोन, असे चार तुकडे पडतात. तेच पान आडवं फिरवलं की २८ ची रुंदी २९.७ मध्ये पूर्ण मावते आणि ३६ ची उंची २१.६ च्या दोन तुकड्यांत येते. एका पानाला दोन तुकडे, जोडपानाला चार. म्हणजे आठाचे चार झाले आणि प्रत्येक पानात सांधा एकच राहिला. सांधे जितके कमी तितकी चूक कमी. हा हिशेब काच पुसण्याआधी कागदावर मांडावा.

वरचा तुकडा पानाच्या ० ते २१६ मिलिमीटरपर्यंत, खालचा १४४ ते ३६०. दोन्हींत सामाईक भाग ७२ मिलिमीटर. तो सगळा वापरायचा नसतो. काचेभोवती प्लास्टिकची कड किंचित उंच असते आणि बाहेर डोकावणारं पान तिच्यावर चढून काचेपासून सुटतं. दोन्ही तुकड्यांचा तिथला दीड-दीड सेंटिमीटर सोडला की मधे ४२ मिलिमीटरचा चांगला पट्टा उरतो. सांधा त्या पट्ट्यातच घ्यायचा. नेमका तुकड्याच्या काठावर सांधा घेणं ही नवख्याची हमखास चूक, आणि ती दिसते अर्धवट पुसलेल्या पाटीसारखी.

दोन्ही तुकड्यांत पान एकाच दिशेला असलं पाहिजे. पहिल्या स्कॅनला ते उजवीकडे बाहेर, दुसऱ्याला सरकवून डावीकडे बाहेर. झाकणाची बिजागरी आड येते म्हणून बरेचजण दुसऱ्या वेळी पान उलटं फिरवतात आणि चित्र नंतर १८० अंशांत वळवून घेतात. तसं करू नये. स्कॅनरचा दिवा एका अंगाने उजेड टाकतो, त्यामुळे प्रत्येक कात्रणाच्या एका कडेला बारीक सावली पडते. पान फिरवलं की तीच सावली दुसऱ्या कडेला जाते. सांध्याच्या वर सावली उजवीकडे आणि खाली डावीकडे. डोळ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. पाव वळण (९० अंश) तर त्याहून वाईट. दिवा ज्या दिशेने सरकतो त्या दिशेचं माप आणि आडवं माप यांत थोडा फरक असू शकतो. दर हजारी दोन एवढा फरक ७,००० पिक्सेलवर १४ पिक्सेल होतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. यावर उपाय म्हणजे बिजागरीतून झाकण उचलून बाजूला ठेवणं. वरून काळं कार्डशीट, त्यावर दुमडलेली सुती चादर आणि किलोभर वजन. हाताचा दाब नको, काच लवते.

स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० पिक्सेल), २४ बिट रंगात, टिफ फाईलमध्ये. ऑटो एक्स्पोजर, रंगसुधार, शार्पनिंग, धूळ काढणं, डीस्क्रीन (छपाईचे ठिपके पुसणं), सगळं बंद. एका तुकड्यात सुमारे ७,०१६ × ५,१०२ पिक्सेल येतात, म्हणजे १०७ एमबी. चार तुकड्यांचे साधारण ४३० एमबी. एवढं आजचा कुठलाही लॅपटॉप पेलतो. ३०० डीपीआयने वाचण्यापुरतं भागलं असतं, पण पेनाच्या बारीक रेघा आणि पुढचा फ्लेक्स पाहता ६०० योग्य. १,२०० ला फाईल चौपट होते आणि वर्तमानपत्राच्या कागदाचे तंतू सोडले तर नवीन काही दिसत नाही.

आपल्याकडे एक जादा खबरदारी लागते. स्कॅनर जुन्या ट्यूबच्या दिव्याचा असेल तर तो तापून स्थिर व्हायला दहाएक मिनिटं द्यावी लागतात, आणि वीज गेली की गणित पहिल्यापासून. एका पानाचे दोन्ही तुकडे एका बैठकीत घ्यायचे. मधे लाईट गेली तर पहिला तुकडाही रद्द समजून पुन्हा घ्यायचा.

डाव्या पानावर एक कात्रण फक्त वरच्या कडेने चिकटवलेलं आहे, खालून ते फडफडतं. दोन स्कॅनच्या मधे ते जरा सरकलं तरी सामाईक भागात दोन वेगळी चित्रं येतात. त्यामुळे ते आधी मिटून, काचेवर पान ठेवण्यापूर्वी बटर पेपरच्या चिकट नसलेल्या पट्टीने खाली धरलं, आणि उघडून वेगळा पाचवा स्कॅन घेतला. तो जुळणीत नाही, सोबत ठेवलेला आहे.

जाळी जुळली, अक्षरं दुहेरी

एका पानाचे दोन तुकडे सांधणं हे सोपं काम मानलं जातं. हगिन हे मोफत सॉफ्टवेअर दोन चित्रांतले समान बिंदू शोधून ती एकमेकांवर बसवतं. फोटोशॉपमध्ये तेच काम फोटोमर्ज करतं. तिथे मांडणी ‘रिपोझिशन’ किंवा ‘कोलाज’ ठेवायची, ‘पर्स्पेक्टिव्ह’ नाही, कारण स्कॅनमध्ये कॅमेऱ्याचा कोन नसतोच. हगिनमध्येही हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगावी लागते: लेन्स रेक्टिलिनियर, दृश्यकोन १० अंश, आणि जुळवताना फक्त वळण, आडवं सरकणं, उभं सरकणं एवढंच मोकळं. लहानमोठं करण्याची मुभा बंद, कारण दोन्ही तुकडे एकाच स्कॅनरचे.

उजव्या पानावर हगिनने समाधानाने काम संपवलं आणि चूक जवळजवळ शून्य दाखवली. जिंप या मोफत चित्र-संपादकात दोन्ही तुकडे लेयर (थर) म्हणून एकावर एक ठेवून वरच्याचा मोड ‘डिफरन्स’ केला. या मोडमध्ये दोन्हीकडे सारखं असेल ते काळं दिसतं आणि वेगळं असेल ते चमकतं. आलेख कागदाची सगळी जाळी काळीभोर, आणि तिच्यावर प्रत्येक आडनाव दोनदा, एक वर एक खाली, बरोबर २३६ पिक्सेलच्या अंतराने. ६०० डीपीआयला २३६ पिक्सेल म्हणजे एक सेंटिमीटर. सॉफ्टवेअर एक चौकोन घसरलं होतं. आलेख कागदाचा प्रत्येक चौकोन त्याला सारखाच दिसतो, तेव्हा चूक शून्य दाखवण्यात त्याचं काही चुकलं नाही. रेघांच्या रजिस्टरात चिकटवलेल्या कात्रणांचंही हेच होतं. तिथे एक ओळ घसरते. रंगीत चौकटीच्या, ठिपक्यांच्या कागदावरही तेच.

उपाय हाताने. आपोआप शोधलेले सगळे बिंदू पुसले आणि ४२ मिलिमीटरच्या पट्ट्यात नऊ नवे दिले, सगळे एकदाच घडलेल्या गोष्टींवर: शाईचा डाग, पिनेचा गंज, कसर लागून पडलेलं भोक, फाटलेल्या कात्रणाचा कोपरा, ‘मारुती’ मधल्या उकाराचं टोक. बिंदू पट्ट्याच्या एका टोकाला गोळा होऊ देऊ नयेत, नाहीतर दुसरं टोक वळणात सुटतं: ०.१ अंशाचं वळण ७,००० पिक्सेलवर बारा पिक्सेलचा फरक पाडतं. नऊ बिंदूंवर चूक दोन पिक्सेलच्या आत आली. एखादा बिंदू दोनशेच्या वर दाखवत असेल तर तो चौकोन घसरलेला बिंदू. तो काढायचा, सरासरी पाहत बसायचं नाही. वळण द्यायचं ते एकदाच आणि मूळ फाईलवर. आधी थोडं, मग पुन्हा थोडं असं केलं की प्रत्येक वेळी पेनाच्या रेघा मऊ होत जातात.

सांधा कुठून न्यायचा

हगिनला सांधाही स्वतः ठरवू देता येतो. कात्रणांच्या पानाला देऊ नये. तो रंगातला फरक पाहतो, मजकूर पाहत नाही. तुकडे रीमॅप केलेले, म्हणजे जुळणीप्रमाणे जागेवर बसवलेले, वेगवेगळे लेयर म्हणून बाहेर काढून जिंपमध्ये लेयर मास्कने (थराचा नको तो भाग झाकणाऱ्या मुखवट्याने) सांधा हाताने ओढला.

इथे देवनागरीचा फायदा होतो. सांधा एका पिक्सेलने जरी हलला तरी शिरोरेषेला पायरी पडते आणि ती लगेच डोळ्यांत येते. रोमन अक्षरं सुटी सुटी असतात, तिथे एवढी चूक खपून जाते. तपासणीला वेगळी पट्टी लागत नाही: २०० टक्के मोठं करून सांध्यावरून डावीकडून उजवीकडे जायचं आणि फक्त शिरोरेषा बघायच्या. त्याच कारणाने सांधा शब्दाच्या मधून नेऊच नये. दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्टीतून सरळ चालायचं, स्तंभ संपला की पुढच्या स्तंभात वर-खाली होऊन तिथली मोकळी ओळ धरायची. मथळा उभा कापावाच लागला तर दोन शब्दांच्या मधे, जिथे शिरोरेषा तशीही तुटलेली असते. डाव्या पानावर सांधा अशा पायऱ्या-पायऱ्यांनी गेला आहे, सरळ रेघ कुठेच नाही.

मजकुराजवळ मास्कची कड टणक ठेवली. कोऱ्या कागदावर २०-३० पिक्सेलची मऊ. उलट केलं तर मजकुराला भुतासारखी जोडसावली येते.

वर्तमानपत्राच्या फोटोंवर पडद्यावर जाळीदार पट्टे दिसतील. ते छपाईच्या ठिपक्यांमुळे आणि फक्त चित्र लहान करून पाहताना. मूळ फाईलला हात लावायचा नाही. लहान प्रत करताना तेवढ्या फोटोवर दोन-तीन पिक्सेलचं गॉशियन ब्लर (हलका धूसरपणा) दिलं की झालं.

घडी

आता डावं पान एक चित्र आणि उजवं एक. त्यांना सामाईक भागच नाही. कुठलंही सॉफ्टवेअर इथे थांबतं, आणि थांबलं नाही तर जास्त काळजी करावी, कारण आलेखाची जाळी पाहून ते काहीही जुळवून देईल.

इथपर्यंत अडथळा असलेला आलेख कागद इथे कामी आला. काढणाऱ्याने दोन्ही ताव घडीच्या बाजूने कातरून एकमेकांना भिडवले होते. म्हणजे घडीवरचा चौकोन एकच, दोन तावांत वाटलेला. डाव्या तावावर त्या चौकोनाचे सात मिलिमीटर उरले आहेत, उजव्यावर दोन. बेरीज नऊ. एक मिलिमीटर कात्रीत गेला. म्हणून दोन्ही ताव चिकटवून ठेवले तर नकाशा एक मिलिमीटरने आखडतो. मधे २४ पिक्सेलची फट ठेवली की दोन्हीकडचे चौकोन एका मापात येतात, आणि गल्लीच्या तिरप्या रेघा फटीवरून नजरेने पुढे नेल्या की पलीकडच्या रेघेला मिळतात.

वरच्या टोकाला मिळाल्या. खालच्या टोकाला वेशीजवळची गल्ली मिलिमीटरभर खाली उतरली. पहिला संशय स्कॅनरवर जातो, पण चारही तुकडे एकाच दिशेने घेतलेले असल्यामुळे तो सुटतो. पोलादी पट्टी थेट कागदावर ठेवून पाहिलं: डाव्या तावाचे २४ चौकोन २४०.० मिलिमीटर, उजव्याचे २४१.२. खळीच्या ओलाव्याने कागद फुगतो आणि ताणलेला असताना चिकटला तर तसाच वाळतो. उजवा ताव अर्ध्या टक्क्याने वाढलेला आहे. तळाशी २८ पिक्सेल.

ताणून बसवायचा की सोडायचा? इथे दोन फाईली करणं हेच बरोबर. पहिलीत पानं जशी आहेत तशी, घडीसकट, अर्धा टक्काही न बदलता. दुसरी वाचण्यासाठी: तिच्यात फक्त उजव्या तावाचा लेयर उभ्या दिशेने ०.५ टक्का आखडला, कात्रणं आणि पान तसंच ठेवलं. त्यामुळे तावाच्या खाली चिकटवहीचा कागद मिलिमीटरभर उघडा पडतो. तेवढी पट्टी शेजारच्या कोऱ्या भागातून भरली. फट मात्र दोन्ही फाईलींत रिकामीच आहे. एआयवाली ‘भर’ची सोय वापरून फटीत रेघा काढता आल्या असत्या. नकाशात ते करू नये. फट दिसली तर वाचणारा विचारतो; भरलेली दिसली तर खरी मानतो.

फ्लेक्सच्या दुकानात

जोडपान ५१ × ३६ सेंटिमीटर, म्हणजे १२,०४७ × ८,५०४ पिक्सेल. उंची ४ फूट धरली तर रुंदी सुमारे १७३ सेंटिमीटर होते आणि मूळ ३.३९ पट वाढतं. ६०० डीपीआयचे १७७ उरतात. फ्लेक्सला शंभरही चालतात, तेव्हा इथे हात सैल आहे. ६ फूट म्हणजे १८३ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर कोरे राहतात, आयलेट (टांगण्याच्या भोकांतल्या धातूच्या कड्या) ठोकायला बरे.

धोका ऑपरेटरच्या सवयीत आहे. ‘साहेब, सहा बाय चारला फिट करून देतो’ असं तो म्हणाला की थांबवायचं. त्याचं फिट म्हणजे आडवं ओढणं, म्हणजे सगळं गाव सहा टक्के रुंद. फाईल नेतानाच ६ × ४ फुटांचा पांढरा कॅनव्हास करून त्यात चित्र मधोमध बसवून न्यावं, मग ओढायला काही उरत नाही. नकाशाच्या एका कोपऱ्यात मूळ १० सेंटिमीटरची मोजपट्टी टाकली. छपाईनंतर ती टेपने मोजली की ३३.९ भरली पाहिजे. फाईल कमीत कमी दाबाच्या जेपेगमध्ये दिली. व्हॉट्सॲपवरून पाठवली तर साध्या फोटोसारखी नाही, डॉक्युमेंट म्हणून.

काही माळवदांवर लाल पेनाने फुल्या आहेत. त्या घरांतली माणसं अजून गावात आहेत. समाजमंदिरातल्या फ्लेक्सवर फुल्या ठेवायच्या का, हे घरमालकांना आणि त्या कुटुंबांना विचारूनच ठरवावं. फाईलमध्ये त्या वेगळ्या लेयरवर झाकता येतील अशा ठेवल्या आहेत. इंटरनेटवर टाकायची प्रत १५० डीपीआयवर उतरवलेली.

साठवायला पाच मूळ टिफ न छेडता, दोन जुळवलेल्या फाईली, आणि एक साधी मजकूर फाईल: कुठला तुकडा कोणता, कोणत्या लेयरला किती आखडलं, फट किती ठेवली. दोन वेगळ्या डिस्कवर, त्यांतली एक दुसऱ्या घरात.

पानं परत वहीत घालताना जुनी नाडी टाकून दिली, ती भोकाजवळ कागद कापू लागली होती. तिच्या जागी रुंद सुती पट्टी ओवली, गाठ सैल, आणि नकाशाच्या दोन पानांमधे वहीच्या मापाचा कोरा बटर पेपर.